सावधानमधला चेहरा

स्वतःचा फोटो काढणे म्हणजे मिरवणे, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. फोटोग्राफी क्लबमध्ये दोन वर्षे काढल्यावर माझे मत बदलले आहे. प्रत्येक कॅडेटने वर्षातून एकदा तरी स्वतःचे व्यक्तिचित्र स्वतः काढावे.

या सुट्टीत क्लबने तेच काम दिले होते. माझे आजोळ वाराणसीला, ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी वस्तीत आहे. आई-बाबांना रजा नव्हती, म्हणून मी मामाबरोबर गेलो. पहिल्या सकाळी युनिफॉर्म घालून घाटाच्या पायऱ्यांवर ट्रायपॉड लावला. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम काठावर आहेत, त्यामुळे सकाळचे ऊन थेट तोंडावर आले. सेल्फ-टायमरचे दहा सेकंद मी सावधानमध्ये उभा राहिलो. फोटो स्वच्छ आला. आजी म्हणाली, ‘‘अरे, हा तुझ्या शाळेचा फोटो झाला. यात तू कुठे आहेस?’’

समोरच्या उजेडात चेहऱ्यावर सावली पडत नाही आणि चेहरा सपाट दिसतो. ओळखपत्राला तेच हवे असते. मनातले दाखवायचे तर उजेड बाजूने यावा लागतो. दुसऱ्या दिवशी साधा शर्ट घालून मी आतल्या खोलीत, एकुलत्या एक खिडकीशेजारी बसलो. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर पांढरी चादर टाकली, म्हणजे सावलीतला डोळा अगदी काळा पडत नाही. माझ्या जागी आधी तांब्या ठेवून फोकस धरला. कॅमेरा दीड मीटर लांब ठेवला, कारण फार जवळून नाक मोठे दिसते. चौकटीत मी एका कडेला आणि बाकी सगळी रिकामी भिंत. कॅमेरा दर काही सेकंदांनी आपोआप फोटो घेत होता. बराच वेळ मी सावधानच होतो. मग परत जायचा दिवस आठवला, आणि पुढच्या फोटोत तो दिसला.

दर रविवारी फोनवर मी ‘‘मजेत आहे’’ एवढेच सांगतो. फोटोतला मुलगा मजेत नव्हता. आईला पाठवावा की नाही, याचा रात्रभर विचार केला आणि सकाळी पाठवला. तिने लगेच फोन केला. जेवणाचे विचारलेच नाही. ‘‘गणित जड जातंय, की मित्र नाहीत?’’ दोन्ही खरे होते.

सैनिकाने भावना चेहऱ्यावर आणू नयेत, असे सर सांगतात. परेडवर ते मला मान्यच आहे. पण जे आवरायचे ते आधी आपल्याला ठाऊक तर हवे! फोटोग्राफीच्या शोधाचे श्रेय दागेरला मिळाले, तेव्हा इपोलित बायार या फ्रेंच माणसाने १८४० मध्ये बुडून मेलेल्याचे सोंग घेऊन स्वतःचा फोटो काढला आणि आपली तक्रार मांडली. म्हणजे असे फोटो पहिल्यापासून बोलतच आले आहेत.

माझी सूचना एवढीच, की वार्षिक अंकात परेडच्या फोटोंशेजारी एक पान अशा फोटोंना द्यावे. खाली नाव नसले तरी चालेल. खर्चही नाही. खिडकी प्रत्येक डॉर्मिटरीत आहे, आणि पांढरी चादर प्रत्येकाच्या खाटेवर.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी