डँडेनाँगचे हजारा आणि ‘तात्पुरता’ आश्रय

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरांवर डँडेनाँग नावाचे उपनगर आहे. आगगाडीतून उतरून थॉमस स्ट्रीट या रस्त्याला लागले की नानाच्या भट्ट्या, सुक्या मेव्याची, कापडाची व गालिच्यांची दुकाने आणि फारसी लिपीतील पाट्या दिसू लागतात. स्थानिक नगरपालिकेने या भागाला ‘अफगाण बझार’ अशी मान्यता दिली आहे. येथील दुकानदारांत आणि गिऱ्हाइकांत मोठा भरणा आहे तो हजारा जमातीच्या लोकांचा. २०२१ च्या शिरगणतीत आपण हजारा वंशाचे आहोत अशी नोंद करणारे ४० हजारांहून अधिक लोक ऑस्ट्रेलियात आढळले आणि त्यांतील बराच मोठा वाटा मेलबर्नच्या याच उपनगरांत राहतो. पंचवीस वर्षांत ही वस्ती कशी उभी राहिली, हा इतिहास निर्वासितांच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या कोणालाही उद्बोधक वाटेल. कारण ती सरकारी धोरणामुळे उभी राहिली असे म्हणता येत नाही. बऱ्याच अंशी ती त्या धोरणाला न जुमानता उभी राहिली आहे.

हजारा हे अफगाणिस्तानच्या मध्यभागातील डोंगराळ प्रदेशाचे, बामियान आणि गझनीच्या परिसराचे रहिवासी. त्यांचे नाव फारसीतील ‘हजार’ या शब्दावरून आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मोगल अमदानीतील ‘पंचहजारी’ मनसबदार मराठी वाचकाला परिचित आहेत. मंगोल सैन्यातही हजार स्वारांची तुकडी असे आणि तिच्याशी या नावाचा संबंध जोडला जातो. चेहरेपट्टी मध्य आशियाई, भाषा फारसीची बोली आणि पंथ बहुतांशी शिया, अशा तिहेरी वेगळेपणामुळे सुन्नीबहुल अफगाणिस्तानात ही जमात नेहमीच वेगळी उठून दिसली. अमीर अब्दुर रहमान याने १८९१ ते १८९३ या काळात त्यांचा प्रदेश चिरडून टाकला. असंख्य लोक मारले गेले, जमिनी हिरावल्या गेल्या आणि स्त्री-पुरुषांची गुलाम म्हणून विक्री झाली. ही गुलामगिरी कायद्याने बंद होण्यास १९२० चे दशक उजाडावे लागले.

त्या संहारातून निसटलेल्यांपैकी काही इराणमधील मशहदकडे गेले आणि काही ब्रिटिश हिंदुस्थानातील क्वेट्टा शहरात आले. क्वेट्ट्यात १९०४ साली ‘१०६ वी हजारा पायोनियर्स’ ही पलटण उभारण्यात आली. याच जमातीचे महंमद मुसा हे १९३२ साली डेहराडूनच्या सैनिकी प्रबोधिनीच्या पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा यांचे सहाध्यायी होते. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या लष्कराचे सरसेनापती होते ते हेच जनरल मुसा. निर्वासितांच्या एका पिढीला आसरा मिळाला, तर पुढची पिढी कोठवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल. परंतु त्याच क्वेट्ट्यात पुढे काय घडले, तेही विसरता येत नाही. १० जानेवारी २०१३ रोजी तेथील हजारा वस्तीत झालेल्या बाँबस्फोटांत ८० हून अधिक माणसे ठार झाली. आप्तांनी मृतदेह दफन करण्यास नकार देऊन कडाक्याच्या थंडीत रस्त्यावरच ठाण मांडले, तेव्हा कोठे प्रांतिक सरकार बरखास्त झाले. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या वस्तीच्या बाजारात तसाच स्फोट झाला. डँडेनाँगमधील अनेक कुटुंबांचा प्रवास अफगाणिस्तानातून क्वेट्टामार्गे झालेला आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या वस्तीची मनोवृत्ती समजू लागते. एकदा मिळालेला आसराही टिकतोच असे नाही, हे तिने दोनदा अनुभवले आहे.

ऑस्ट्रेलियाला ‘अफगाण’ माणूस नवा नव्हता. १८६० साली वाळवंट ओलांडण्यासाठी निघालेल्या एका प्रसिद्ध मोहिमेकरिता कराचीहून उंट आणि उंटवाले मेलबर्नला नेण्यात आले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होती. पुढील अर्धशतकात बलुच, पठाण, पंजाबी आणि सिंधी उंटवाल्यांनी त्या खंडाच्या अंतर्भागात तारा, लोहमार्ग आणि खाणी यांसाठी मालाची वाहतूक केली. या सर्वांना तेथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत. त्यांचे श्रम हवे होते, परंतु त्यांनी तेथे मुळे रोवावीत अशी इच्छा नव्हती. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना दारे मिटली आणि बायकामुलांना मागवून घेणे या उंटवाल्यांना जवळजवळ अशक्य होऊन बसले. पुष्कळजण एकाकी म्हातारे होऊन मेले. ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’चे ते धोरण १९७३ साली अधिकृतपणे संपले. माणूस ठेवावा पण त्याचे कुटुंब येऊ देऊ नये, ही कल्पना मात्र त्याबरोबर संपली नाही.

डँडेनाँगचा स्वतःचा इतिहासही येथे पाहिला पाहिजे. १९५० च्या दशकात होल्डन मोटारी, हाइन्झचे डबाबंद खाद्यपदार्थ आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरची यंत्रे यांचे मोठे कारखाने येथे आले आणि या बाजारगावाचे औद्योगिक उपनगर झाले. कामगार आले ते युरोपातील युद्धोत्तर स्थलांतरितांतून. त्यांच्यामागून व्हिएतनामी, कंबोडियन, श्रीलंकन आणि भारतीय आले. स्थानकाजवळच्या फॉस्टर स्ट्रीटवर ‘लिटल इंडिया’ या नावाची बाजारपेठ आहे. पुढे मोठ्या कारखान्यांपैकी काही बंद पडले, तरी लहान उद्योग राहिले, घरभाडी शहराच्या मानाने कमी राहिली आणि परक्या माणसाकडे वळून पाहण्याची सवय गावाला उरली नाही. हजारा लोकांनी हे उपनगर निवडले, त्याचे कारण इतके साधे आहे.

ऑगस्ट १९९८ मध्ये तालिबानने मझार-ए-शरीफ जिंकले आणि दोन हजारांच्या वर लोकांना ठार केले. त्यांत हजारा बहुसंख्य होते. त्यानंतर घरटी एक तरुण बाहेर काढण्याची धडपड सुरू झाली. जमीनजुमला विकून दलालांना पैसे द्यायचे, इंडोनेशिया गाठायचे आणि मासेमारीच्या मोडक्या नौकेतून ऑस्ट्रेलियाचा किनारा धरायचा, असा तो मार्ग होता. किनाऱ्यावर पोहोचलेल्यांना वाळवंटातील तारेच्या कुंपणाच्या छावण्यांत स्थानबद्ध करण्यात येई. चौकशीअंती बहुतेकजण खरेखुरे निर्वासित ठरत. तथापि ऑक्टोबर १९९९ पासून त्यांना दिला जाणारा परवाना तीन वर्षांचा, तात्पुरता असे. त्या मुदतीत कुटुंबाला बोलावता येत नसे आणि देशाबाहेर गेल्यास परत येण्याचा हक्क राहत नसे.

हा नियम करण्यामागे सरकारचा हेतू नौका थांबवण्याचा होता. आकडे काय सांगतात? १९९९ साली नौकांतून ३,७२१ लोक आले, २००० साली २,९३९ आले आणि २००१ साली ५,५१६ आले. कुटुंबाला रीतसर बोलावण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा पूर्वी घरी वाट पाहणाऱ्या बायकामुलांनीच नौकेत पाय ठेवला. १९ ऑक्टोबर २००१ रोजी इंडोनेशियाजवळ अशीच एक नौका बुडाली आणि ३५३ माणसे मेली. त्यांत १४६ मुले आणि १४२ स्त्रिया होत्या. बहुतेक इराकी होते, काही अफगाण. त्यांतील कित्येकांचे नवरे आणि वडील तात्पुरते परवाने घेऊन ऑस्ट्रेलियात आधीच राहत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘टांपा’ या नॉर्वेच्या जहाजाने समुद्रातून ४३३ जणांना वाचवले. त्यांतही बहुसंख्य हजारा होते. सरकारने त्यांना आपल्या किनाऱ्याला लागू दिले नाही.

परवाने घेऊन छावण्यांतून सुटलेले तरुण प्रथम देशभर विखुरले. कोणी कत्तलखान्यांत मांस कापले, कोणी फळबागांत फळे तोडली. न्यू साउथ वेल्स प्रांतातील यंग या गावी सोन्याच्या खाणींवरील चिन्यांविरुद्ध १८६१ साली दंगल माजली होती. त्याच गावच्या कत्तलखान्यात अफगाण निर्वासित कामाला लागले आणि त्यांना तेथेच राहू द्यावे म्हणून गावकरी पुढे सरसावले. डँडेनाँगमध्ये मात्र खोलीत पाच-सहाजण राहायचे, पाळीत काम करायचे आणि उरलेला पैसा घरी पाठवायचा, असेच बराच काळ चालले. गिरणगावातील चाळीत अशाच खोल्या करून राहिलेल्या आणि दरमहा कोकणात मनिऑर्डर करणाऱ्या चाकरमान्याचे जीवन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की चाकरमान्याला शिमग्याला आणि गणपतीला गावी जाता येत होते.

तालिबानची राजवट २००१ च्या अखेरीस कोसळल्यावर सरकारने अनेकांना ‘आता परत जा’ असे सुचवले. परंतु फेरचौकशीत बहुतेकांची भीती खरी ठरली आणि हळूहळू कायम परवाने मिळू लागले. ऑगस्ट २००८ मध्ये तात्पुरते परवानेच रद्द करण्यात आले. तोवर असे परवाने दिलेल्या सुमारे ११ हजार लोकांपैकी बहुसंख्यांना शेवटी कायमचे राहू देण्यात आले होते. म्हणजे जो निर्णय आरंभीच घेता आला असता, तो सात-आठ वर्षे लांबवून सरकारने काय साधले?

वस्ती खऱ्या अर्थाने उभी राहिली ती यानंतर. बायकामुले आली आणि खोल्यांची घरे झाली. मुले शाळेत जाऊ लागली. रंगकाम, फरशीकाम, बांधकाम यांत मजुरी करणारे स्वतः ठेके घेऊ लागले. नान, मेवा, कपडा आणि लग्नाचे सामान यांना गिऱ्हाईक मिळाले, म्हणून दुकाने निघाली. डोव्हटन, हॅलम, नॅरे वॉरन अशा शेजारच्या उपनगरांत घरे विकत घेतली गेली. एकटा पुरुष पैसा बाहेर धाडतो, कुटुंब तो गावात खर्च करते, हे अर्थशास्त्र काही अवघड नाही. तात्पुरत्या परवान्याने ते कित्येक वर्षे अडवून धरले होते.

दुर्दैवाने हा अनुभव धोरणकर्त्यांच्या उपयोगी पडला नाही. २००९ नंतर पुन्हा नौका वाढल्या; क्वेट्ट्यातील हत्याकांडांनी त्यांत भर घातली. १९ जुलै २०१३ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी यापुढे नौकेने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात वसू दिले जाणार नाही, असे जाहीर केले. त्याआधी येऊन पोहोचलेल्यांसाठी पुढच्या सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये तात्पुरते परवाने पुन्हा आणले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा डँडेनाँगमधील अशा परवानाधारकांना आपल्या बायकामुलांसाठी अर्ज करण्याचाही मार्ग नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे १९ हजार लोकांना कायम परवान्यासाठी अर्ज करण्याची मुभा मिळाली. त्यांतील कित्येकांनी एव्हाना दहा वर्षे घरच्यांचे तोंड पाहिले नव्हते. ज्यांचे दावे आधी फेटाळले गेले होते, ते या निर्णयाबाहेरच राहिले.

सरकारी बाजूचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हेही नमूद केले पाहिजे. २००८ ते २०१३ या काळात हजाराच्या वर माणसे त्या समुद्रात बुडाली. दलालांचा धंदा अमानुष होता आणि कोणत्याही लोकशाही सरकारला आपल्या सीमांवर नियंत्रण हवे असते. परंतु नौका पुढे थांबल्या त्या समुद्रातच परत वळवल्यामुळे आणि आलेल्यांना दूरच्या बेटांवर धाडल्यामुळे. त्या उपायांच्या नैतिकतेविषयी वाद होऊ शकेल. पण निर्वासित म्हणून ज्याला आपण स्वतःच मान्य केले, त्याला वर्षानुवर्षे अधांतरी ठेवल्याने एकही नौका थांबल्याचा पुरावा वरील आकड्यांत सापडत नाही. शिक्षा झाली ती येऊन चुकलेल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला.

या संदर्भात आपल्याकडील एका उपनगराची आठवण होते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या ओसाड लष्करी छावण्यांत लाखाच्या घरात सिंधी निर्वासितांना उतरवण्यात आले. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हाल कमी झाले नाहीत. परंतु राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना थेट आणि नंतर आलेल्यांना नोंदणीने नागरिकत्व दिले. आपण येथलेच, हे ठाऊक असल्यामुळे माणसांनी बराकीत दुकाने थाटली आणि कारखाने काढले. सिंधी समाज आपलाच मानला गेला होता आणि हजारा ऑस्ट्रेलियाला परके होते, हा भेद मोठा आहे. तरीही घर बांधण्याची उमेद कशातून येते, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच मिळते.

परंतु उल्हासनगरचा अभिमान बाळगताना आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तानातून आलेल्या सहा समाजांचा विचार आहे. हजारा मुसलमान असल्यामुळे त्या कक्षेत येत नाहीत. काबूल पडले तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांना व्हिसाची मुदत संपल्यावर जायचे कोठे, या प्रश्नाने ग्रासले होते. त्याचे उत्तर कायद्यात नव्हते, अधिकाऱ्यांच्या मर्जीत होते. २०२३ च्या अखेरीपासून पाकिस्तानने लाखो अफगाणांना परत धाडण्यास आरंभ केला आणि इराणनेही तोच मार्ग धरला. त्यामुळे हजारा लोकांचा क्वेट्टा आणि मशहद येथील शंभर वर्षांचा आसराही डळमळीत झाला आहे.

सगळ्यांना सर्वत्र आश्रय देता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. कोणाला घ्यावे आणि किती घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. परंतु एकदा घेतलेल्या माणसाला ‘तू राहा, पण घर करू नकोस’ असे सांगणे हे धोरण नव्हे, ती निर्णयाची टाळाटाळ आहे. ती टाळाटाळ संपली तेव्हाच थॉमस स्ट्रीटवरची दुकाने उघडली.