कंट्रोलरचा सेल कुणाच्या हाती?

मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आजही एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालवते, याबद्दल गेम खेळणाऱ्यांची तक्रार जुनी आहे. २००५ चा एक्सबॉक्स ३६०, २०१३ चा एक्सबॉक्स वन आणि २०२० मधले सिरीज एक्स व सिरीज एस, या तिन्ही पिढ्यांत कंट्रोलरच्या पाठीवर एए आकाराच्या दोन सेलची तीच जागा. सोनीच्या ड्युअलसेन्समध्ये आणि निंटेंडोच्या स्विच प्रो कंट्रोलरमध्ये मात्र लिथियम-आयन बॅटरी आतच बसवलेली असते. वायर लावली की चार्जिंग सुरू. त्यामुळे एक रचना जुनाट आणि दुसरी आधुनिक असा निकाल बहुतेक जण लावून मोकळे होतात. मला हा निकाल चुकीचा वाटतो. हजारो रुपयांची वस्तू किती वर्षं चालेल हे तिच्यातल्या सर्वांत लवकर झिजणाऱ्या भागावर ठरतं, आणि तो भाग ग्राहकाला स्वतः, पेचकस न शोधता बदलता येतो की नाही, याला चार्जिंगच्या सोयीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व द्यायला हवं.

आधी ऊर्जेचा हिशोब पाहू, कारण ‘सेलमध्ये दम नसतो’ हा समज इथूनच दूर होतो. ड्युअलसेन्सची बॅटरी १५६० मिलिअँपिअर-तासांची आणि ३.६५ व्होल्टची, म्हणजे सुमारे ५.७ वॉट-तास. स्विच प्रो कंट्रोलरची १३०० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट, म्हणजे सुमारे ४.८ वॉट-तास. आता २००० मिलिअँपिअर-तासांचे, १.२ व्होल्टचे दोन रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या: तेही ४.८ वॉट-तास. निंटेंडोची आतली बॅटरी आणि बाजारात मिळणारे दोन सेल यांच्यात ऊर्जेचा फरक जवळपास शून्य आहे. वजनातही तेच. सेल घातलेला एक्सबॉक्स कंट्रोलर साधारण २८७ ग्रॅमचा आणि ड्युअलसेन्स २८० ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर या सात ग्रॅमनी काही बिघडत नाही.

मग एका चार्जवर कोण किती तास चालतो, यातली तफावत कुठून येते? निंटेंडो प्रो कंट्रोलरसाठी ४० तासांचा दावा करते, मायक्रोसॉफ्टही दोन सेलवर ४० तासांपर्यंतचा. ड्युअलसेन्सची बॅटरी या सगळ्यांत मोठी, पण तो गेमनुसार सहा ते बारा तासांत मान टाकतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ही ऊर्जा जाते कामांवर: बारीक कंपनं निर्माण करणारी हॅप्टिक यंत्रणा, बोटाला विरोध करणारे मोटरवरचे ट्रिगर, स्पीकर, मायक्रोफोन, टचपॅड, दिव्यांची पट्टी. २००२ मध्ये निंटेंडोने गेमक्यूबसाठी काढलेला वेव्हबर्ड दोनच एए सेलवर शंभर तासांच्या घरात चालायचा. त्यात कंपनाची मोटरच नव्हती. हातात धनुष्याची दोरी ताणल्याचा भास होण्यासाठी ऊर्जा खर्ची पडत असेल तर तो सौदा वाईट नाही, आणि ज्यांना तास वाढवून हवेत त्यांना सेटिंगमध्ये जाऊन कंपन आणि ट्रिगरचा जोर कमी करता येतो. पण या तासांचं श्रेय किंवा दोष बॅटरी आत आहे की बाहेर, याला देता येत नाही. म्हणून बॅटरीची निवड करताना एका चार्जचे तास मोजत बसण्यापेक्षा पाचव्या वर्षी काय होणार हे विचारायला हवं.

पाचव्या वर्षाचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. लिथियम-आयन बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते: वापराने आणि नुसत्या काळानेही. साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण चार्ज-डिस्चार्जनंतर तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरते, हा या प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी सर्वमान्य अंदाज आहे. दर आठ-नऊ तासांना चार्ज मागणाऱ्या कंट्रोलरला हा आकडा गाठायला फार वर्षं लागत नाहीत. त्यात पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आल्या की झीज आणखी वेगाने होते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीत चार्जिंगच्या स्टँडवर दिवसरात्र ठेवलेला कंट्रोलर म्हणजे या दोन्ही गोष्टींचा नेमका संगम. आणि महिनोन्‌महिने रिकामा पडून राहिला तर अतिडिस्चार्ज होऊन बॅटरी कायमची जाऊ शकते. ड्युअलसेन्समध्ये बॅटरीची जोडणी डाख दिलेली नाही, प्लगची आहे, हे मान्य. पण तिथवर पोहोचायला कवच उचकटावं लागतं, काही स्क्रू वरच्या बटणांच्या झाकणाखाली लपलेले असतात. हे काम निस्तरणारे हौशी लोक आहेत, पण बहुतेक घरांत असा कंट्रोलर वायरला बांधला जातो किंवा कपाटात जातो.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो: सेल म्हणजे कचरा. वापरून फेकायच्या सेलबद्दल हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. रिमोट आणि घड्याळासाठी दुकानात मिळणारे स्वस्त झिंक-कार्बन सेल कंट्रोलरमध्ये घालूच नयेत. मोटर जरा जोराचा प्रवाह ओढू लागली की ते लवकर बसतात. अल्कलाइन टिकतात, पण ठरावीक काळाने डब्यात जातात आणि विसरले तर गळून आतल्या पत्र्यांवर पांढरी पूड धरतात. उपाय जुना आणि परीक्षित आहे. २००५ मध्ये सान्योने एनलूप नावाने असे निकेल-मेटल हायड्राइड सेल आणले की जे वर्षभर पडून राहिले तरी बहुतांश चार्ज धरून ठेवतात. त्याआधीच्या रिचार्जेबल सेलबद्दल लोकांचं मत वाईट होतं ते याचसाठी, की चार्ज करून ठेवलेला सेल महिन्या-दोन महिन्यांत आपोआप बराच रिता व्हायचा. असे चार सेल आणि प्रत्येक सेलची स्वतंत्र तपासणी करणारा चार्जर घेतला की दोन कंट्रोलरमध्ये, दोन चार्जरवर, आणि खेळ थांबतच नाही. चार सेलांपैकी एक खराब झाला तर एकच बदलायचा. हे सेल कंट्रोलर खरेदी करताना खोक्यातच द्यायला हवेत. वापरून फेकायचे दोन सेल टाकून रिचार्जेबल संच वेगळ्या पैशाने विकणं हा मात्र खरोखर कंजूषपणा आहे, आणि तिथे तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर लोक निराश होतात. अल्कलाइनचं व्होल्टेज दीडपासून हळूहळू उतरत जातं, निकेलचं १.२ च्या आसपास बराच वेळ स्थिर राहून शेवटी झपकन पडतं. व्होल्टेजवरून अंदाज बांधणारा स्क्रीनवरचा बॅटरीचा आकडा त्यामुळे फसवतो. आतल्या सर्किटने ठाम दीड व्होल्ट देणारे यूएसबीवर चार्ज होणारे लिथियम सेल तर शेवटच्या क्षणापर्यंत भरलेलेच दिसतात आणि मग एकदम बंद पडतात. हा आकडा नीट वाचणारं सॉफ्टवेअर देणं कंपन्यांना अवघड नाही.

दुसरा आक्षेप असा की बॅटरीआधी जॉयस्टिकच जातात, मग बॅटरीची एवढी चिंता का? स्टिक आपोआप सरकू लागणं हा कंट्रोलरचा मोठा रोग आहे, यात शंका नाही. पण सोनीनेच २०२३ च्या ड्युअलसेन्स एजमध्ये स्टिकचे भाग ग्राहकाला काढून बदलता येतील असे केले. म्हणजे झिजणारा भाग सुटा ठेवणं शक्य आहे, हे त्याच कंपनीने दाखवून दिलं. त्याच महागड्या कंट्रोलरमध्ये बॅटरी मात्र साध्या ड्युअलसेन्सपेक्षाही लहान, १०५० मिलिअँपिअर-तासांची, आणि आत बंद. ज्याने स्टिकसाठी खिडकी ठेवली त्याने बॅटरीसाठी ठेवली नाही, याचं कारण मला रचनेच्या अडचणीत सापडत नाही.

युरोपीय संघाने यावर कायदा केला आहे. २०२३ च्या बॅटरी नियमनानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला सहज मिळणाऱ्या हत्यारांनी काढता-बदलता आली पाहिजे आणि ते मॉडेल बाजारात आणणं थांबल्यावरही किमान पाच वर्षं सुटी बॅटरी उपलब्ध राहिली पाहिजे. रचना बदलली तर तो फायदा कदाचित आपल्याकडच्या कंट्रोलरलाही मिळेल, कारण दोन खंडांसाठी दोन वेगळी कवचं बनवणं कुणाला परवडत नाही. सुट्या बॅटरीची हमी मात्र आपोआप मिळणार नाही. आपल्याकडचे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम वापरून झालेली बॅटरी गोळा करण्याची आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. ती चालू वस्तूतून ग्राहकाला काढता यावी, असं ते म्हणत नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही त्याच वर्षी सुरू झालं. त्यात मोबाइल, वाहनं, शेतीची अवजारं आहेत. गेमिंगच्या उपकरणांचा स्पष्ट उल्लेख, आणि सुटी बॅटरी पाच वर्षं, छापील किमतीत, अधिकृत दुकानात मिळण्याची अट, या दोन गोष्टी तिथे जोडायला हव्यात.