चारशे रुपयांची वेल मेली, फुकटची तणनाशकाने मारली



आज भाताचं नाय, वईचं लिहितो. राग आलाय म्हणून लिहितो.

पुतण्याने गेल्या डिसेंबरात नर्सरीतून 'क्लेमॅटिस' नावाची वेल आणली. चारशे रुपये. लेबलवर ताटलीएवढं जांभळं फूल. दारात लावली, रोज पाणी घातलं. एप्रिलच्या उन्हात पानं करपली, मे महिन्यात काडी राहिली. चूक पुतण्याची नाय. ती मोठ्या फुलांची जात थंड मुलखातली, तिला हिवाळ्यात खरी थंडी लागते. आपल्या पूर्णेत डिसेंबरातही दुपारी घाम येतो. हे विकणाऱ्याने सांगायला नको?

आता खरी गोष्ट ऐका. त्याच क्लेमॅटिसची सख्खी बहीण आपल्या वईवर फुकट वाढते. मोरवेल. कोणी रानजाई म्हणतं. पावसाळा सरला की चार पाकळ्यांची पांढरी फुलं घोसाने येतात, मधमाश्या भणभणतात. फुलं गेली की बियांना पिसं फुटतात, वई कापूस पिंजल्यासारखी दिसते. आणि आपण काय करतो? बांध 'साफ' दिसावा म्हणून तिच्यावर तणनाशक मारतो.

गेल्या पावसात शेजारच्या बांधावर फवारणी झाली. वारा माझ्या बाजूला होता. निरगुडी, गुळवेल, मोरवेल, सगळी वई आठ दिवसात पिवळी पडली. ग्लायफोसेट कोणीही उठून मारू नये, ते कीड नियंत्रण चालकांकडूनच मारून घ्यावं, अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली होती. आपल्याकडे ती वाचली कोणी? पंप पाठीला लावला की झालं.

काही जण म्हणतात, वेल माजते, झाडं दाबते. खरं आहे. आंब्याच्या कोवळ्या कलमावर चढली तर मीही ओढून काढतो. पण त्याला कोयता पुरतो, विष कशाला? बी उडून गेलं की जानेवारी-फेब्रुवारीत गुडघ्याएवढी ठेवून छाटा. पावसात परत फुटते. छाटताना हातमोजे घाला, रस अंगाला लागला तर आग होते, फोड येतात. गुरांच्या चाऱ्यातही टाकू नका.

दारात लावायची असेल तर जूनच्या सरी सुरू झाल्या की दोन-तीन पेरांची काडी सावलीत लावा. बियांपासूनही होते, पण उगवायला वेळ घेते. पाणी साचेल तिथे नको. बुंध्याला सावली, शेंड्याला ऊन, एवढं सांभाळा. तिला काकडीसारखे तणावे नसतात. पानाचा देठच आधाराला पीळ घालतो. म्हणून जाड खांबावर चढत नाय, बारीक तार नायतर काटकी द्या.

आपल्या भिवंडीत शेताला शेत उरलं नाय, गोदामाला गोदाम लागलंय. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना मी नावं ठेवत नाय, प्रत्येकाच्या घरी अडचण असते. पण जिथे अजून भात लावतो, तिथली वई तरी आपल्या हातात आहे ना? ती कोणी गोदामवाल्याने नाय मारली, आपणच मारली. आणि जिथे वई जाऊन पत्र्याचं कंपाउंड आलंय, तिथेही पत्र्यापासून वीतभर सोडून तार ओढा, मोरवेल चढेल.

कृषी सहायक साहेबांना हात जोडून विनंती. तणनाशकाच्या मात्रा सांगता, तशा वईवर काय काय ठेवायचं तेही शिबिरात सांगा. बांधावर उगवलं ते सगळं तण नसतं.

माझ्या वईच्या एका कोपऱ्यात, फवारा पोचला नाय तिथे, एक बुंधा वाचलाय. यंदा त्याच्याच काड्या लावणार. गावातल्या कोणाला पाहिजे असतील तर जूनमध्ये शेतावर या. चारशे रुपये नकोत, फक्त पंप घरी ठेवून या.