अभिनयाला अर्ज करता येतो

बारावीचा निकाल लागला की दौंड तालुक्यातल्या आमच्या केडगावात मुलांच्या भवितव्याचे सौदे उपबाजारातल्या कांद्याच्या लिलावाइतक्याच मोठ्या आवाजात होतात. कुणी फार्मसी सुचवतो, कुणी ॲग्री, कुणी पोलीस भरती. अशात एखादं पोरगं म्हणालं, "पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मला तिथं नाटकाच्या पदवीला अर्ज करायचाय," की आधी हशा पिकतो आणि मागून आक्षेप येतात. त्यातले काही आक्षेप वजनदार आहेत. म्हणून ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप सगळ्यात जुना: अभिनय रक्तात असावा लागतो, तो वर्गात बसून येत नाही. हे म्हणणाऱ्यांना आपली परंपराच ठाऊक नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात भरतमुनी आपल्या शंभर पुत्रांना नाट्यवेद शिकवतात. म्हणजे नटाची पहिली गोष्टच शिकवणीपासून सुरू होते. मराठी रंगभूमीचंही तेच. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल नटांना वाक्यावाक्याची तालीम देत. नाटक कंपनी हीच तेव्हाची शाळा होती. तमाशाचंही तसंच: विठाबाई नारायणगावकर वडील-चुलत्यांच्या फडात शिकतच लहानाच्या मोठ्या झाल्या.

एवढं लांब तरी कशाला जायचं? सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याची कला केंद्रं केडगावपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथली बैठकीची लावणी नीट पाहावी. कलावंतीण बसलेलीच असते. ठेका हलका होतो, पेटीचा सूर तेवढा धरून ठेवलेला असतो. ती एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. एकदा पदर सावरत, एकदा नुसती भुवई उचलून, एकदा समोरच्याकडे पाहायचं टाळून. ओळ तीच राहते, पण दर खेपेला तिचा अर्थ बदलतो. ही अदा तिनं थोरल्या बायकांसमोर बसून, बोलणी खाऊन, वर्षानुवर्षं घोटलेली असते. तिला 'उपजत' म्हणणं म्हणजे तिच्या मेहनतीवर पाणी ओतणं. प्रतिभा उपजत असेल, पण कसब शिकावंच लागतं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: मोठी झालेली माणसं कुठं पदवी घेऊन आली होती? सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. आणि डॉ. जब्बार पटेल तर आपल्याच तालुक्याचे म्हणावेत असे. दौंडला दवाखाना चालवून त्यांनी पुण्यात नाटकं बसवली. शिवाय अकलूजच्या रिंकू राजगुरूनं कोणत्या विद्यापीठात अभिनय गिरवला होता? तरी 'सैराट' २०१६ साली आला आणि ती घराघरांत पोचली.

ही उदाहरणं सगळी खरी, त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा. आळेकर, पटेल, आगाशे यांना शाळा होतीच, फक्त तिच्यावर विद्यापीठाची पाटी नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयाचा नाटकवेडा कट्टा, पुरुषोत्तम करंडक, भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, भरत नाट्य मंदिर हे सगळं त्यांना सायकलच्या टप्प्यात होतं. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली उभा राहिला तो या तालमींच्या जोरावर. जब्बार दौंडला आले ते घडून आले. दौंडच्या शेजारी जन्मलेल्या मुलाला ती सोय कुठली? राहिली रिंकू. तिच्या गावापर्यंत 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे येऊन पोचले. ते आपल्याही गावात येतील म्हणून किती जणांनी स्टेशनवर वाट पाहत बसायचं?

इथंच माझा मुख्य मुद्दा येतो. महाराष्ट्रात अभिनयाची तालीम कधीच नव्हती असं नाही. ती कुणाला मिळायची, हा खरा प्रश्न आहे. फडातली तालीम जन्मानं मिळाली, आणि तिच्यासोबत जातीचा शिक्काही कपाळी आला. पुण्या-मुंबईच्या संस्थांतली तालीम पत्त्यानं मिळाली. सिनेमातली संधी योगायोगानं मिळाली. जन्म, पत्ता आणि नशीब यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या मुलासाठी एकच दार आहे: विद्यापीठ. तिथं अर्ज करता येतो. निवडीच्या दिवशी परीक्षक "तू कुणाचा?" असं न विचारता "काय करून दाखवतोस?" असं विचारतात, निदान तसं विचारायला ते बांधील असतात. १९८७ साली सुरू झालेल्या ललित कला केंद्राचं, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यविभागाचं किंवा मुंबई विद्यापीठाच्या नाट्य अकादमीचं मोल मी याच हिशेबानं करतो.

तिसरा आक्षेप भाषेचा. "आपलं बोलणं गावठी, तिथं हसं होईल." होईलही पहिले दोन महिने. पण वाचिक अभिनयाच्या तासाला श्वास, शब्दफेक, आवाजाची पट्टी यांवर काम चालतं. तिथं गावाकडची बोली पुसायची नसते, तिच्या शेजारी आणखी दोन बोली बसवायच्या असतात. उलट, गावाकडच्या मुलाजवळ पाहिलेलं-भोगलेलं जास्त असतं. समजा, निवडीच्या वेळी त्यानं गुऱ्हाळावरचा गुळव्या उभा केला. काहिलीवरची मळी काढणं, वाफेपासून तोंड चुकवणं, पाक आला की नाही हे बोटांवर पाहणं आणि चुलवाणावरच्या माणसाला मान न वळवता "जाळ कमी कर" म्हणणं. समोर काहील नाही, जाळ नाही, तरी बघणाऱ्याला धग लागली पाहिजे. पाठ केलेल्या सिनेमातल्या संवादापेक्षा हे परीक्षेला हजार पटींनी उजवं. अर्ज करणाऱ्यानं तयारी करायची ती अशी: एक उतारा नाटकातला, एक माणूस स्वतः पाहिलेला, आणि चार नाटकं पूर्ण वाचलेली.

चौथा आक्षेप मुलींपुरता राखून ठेवलेला असतो. चौफुला इतका जवळ असल्यानं तो जरा खालच्या आवाजात येतो: "पोरीला काय तमाशात घालायचंय?" ज्या बायकांच्या कलेवर रात्री टाळ्या वाजवायच्या, त्यांचंच नाव सकाळी शिवीसारखं वापरायचं, हा दुटप्पीपणा आहे. आणि हा आक्षेप निदान केडगावात तरी शोभत नाही. याच गावात पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारलं. दुष्काळातून आणलेल्या, टाकलेल्या, विधवा बायकांना त्यांनी खिळे जुळवायला आणि छापखाना चालवायला शिकवलं. बायकांचं ते काम नव्हे, असं तेव्हाही म्हटलं जात होतं. पुण्याच्याच रोहिणी ओक राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या आणि रोहिणी हट्टंगडी म्हणून 'गांधी'तल्या कस्तुरबा झाल्या. ब्रिटिश चित्रपट अकादमीनं त्यांना पुरस्कार दिला. घरच्यांनी कुजबुज करण्याआधी हे आठवावं.

पाचवा आक्षेप पोटाचा, आणि तो मात्र मी पुरता खोडू शकत नाही. ही पदवी नोकरीची हमी देत नाही. मालिकेत काम मिळेलच असं सांगणारा एक तर भोळा असतो किंवा खासगी क्लासचा मालक असतो. म्हणून रान गहाण टाकून हे शिक्षण घेऊ नये. फी, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचा हिशेब कागदावर मांडूनच निघावं. पण हमी फार्मसीलाही नाही आणि भरतीलाही नाही, हे केडगावातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. नाटकाच्या विभागात नट होता होता प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, संहितालेखन हाताखालून जातं. शाळेतलं नाट्यशिक्षण, डबिंग, निवेदन अशी कामं करून पुढं नाटक जिवंत ठेवता येतं. त्याहून मोठी मिळकत म्हणजे काही वर्षं चुकायची मोकळीक. व्यावसायिक नाटकात पहिल्याच प्रयोगाला चुकणारा घरी जातो. विभागात चुकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करतात.

विद्यापीठांचीही बाजू मी आंधळेपणानं घेत नाही. मुंबई विद्यापीठानं लोककला अकादमी काढली, ते चांगलंच केलं. पण लोककला एका इमारतीत आणि अभिनय दुसऱ्या इमारतीत अशी वाटणी का असावी? बैठकीच्या लावणीची कलावंतीण अभिनयाच्या वर्गात दोन दिवसांच्या प्रात्यक्षिकापुरती न येता शिक्षिका म्हणून यावी, तिला तासाचं मानधन आणि मस्टरवर नाव मिळावं. असं झालं तर चौफुल्याची मुलगी आणि केडगावचा मुलगा एकाच वर्गात बसतील, आणि दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखं पुष्कळ असेल.

तोवर, ज्याला वाटतं त्यानं अर्ज करावा. निवड झाली नाही तर गावच्या एकांकिकेत वर्षभर काम करून पुन्हा करावा. पोराला अभिनय येतो की नाही हे ठरवायला तिथं माणसं नेमलेली आहेत. घरच्यांना ते ठरवायचं नाही, त्यांना फक्त अर्जावर सही करायची आहे.