पाहुण्याच्या हातात कोणतं रील द्याल? खोल पाण्यातल्या गळाचा हिशोब

मालवण, देवगड, तारकर्लीकडे पर्यटकांना होडीतून गळाने मासे पकडायला नेण्याचा व्यवसाय करू पाहणारे सगळे एकच प्रश्न विचारतात: "सर, रील कोणतं घेऊ?" इन्स्टाग्रामचं नाही हो, दोरी गुंडाळायचं रील!

माझं मत आधीच सांगतो. सगळ्यात महाग घेऊ नका, सगळ्यात स्वस्त तर नकोच. दुरुस्त होणारं रील घ्या.

तळाच्या मासेमारीत काय होतं बघा. शिसं बांधून गळ खाली खडकाजवळ सोडायचा. गोबरा गळाला लागला की तो थेट कपारीत घुसतो. पहिल्या काही क्षणांत त्याला वर ओढला नाही, तर दोरी खडकावर घासून तुटते. म्हणजे इथे वेग नको, ताकद पाहिजे. चढावर गाडी कुठल्या गिअरमध्ये घालता? खालच्याच ना? तसंच रीलचं. गिअरचं प्रमाण 5:1 च्या आसपास किंवा त्याहून कमी असलेलं बघा. 6:1 किंवा त्याहून वरचं रील दोरी भराभर गुंडाळतं, पण जड मासा ओढताना हात भरून येतो.

दुसरी गोष्ट ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक. डब्यावर 15 किलो, 20 किलो असे आकडे बघून भुलू नका. 30 पौंडाची दोरी म्हणजे साधारण साडेतेरा किलो. ड्रॅग लावायचा त्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. त्यामुळे 10 किलो ड्रॅगचं रील भरपूर झालं. तो अडखळत सुटतो की सरळ, हे महत्त्वाचं. दुकानातच दोरी ओढून बघा. बेअरिंग किती आहेत हा आकडाही असाच फसवा. दहा साध्या बेअरिंगपेक्षा खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या चार बऱ्या.

जाणकार म्हणतील, तळासाठी आडवं ड्रमचं रील चांगलं. बरोबर आहे, त्याला ताकद जास्त. पण तुमचा पाहुणा पुण्याहून पहिल्यांदा आलेला असतो. आडव्या रीलवर अंगठा ठेवायचं विसरला की दोरीचा गुंता झालाच. मग अर्धा तास तुम्ही गुंता सोडवत बसणार आणि पाहुणा घड्याळ बघत. म्हणून पाहुण्यांना 5000-6000 आकाराचं साधं स्पिनिंग रील द्या. आडवं एखादं स्वतःसाठी ठेवा. रीलमध्ये 200-250 मीटर ब्रेडेड दोरी मावली पाहिजे. ही दोरी ताणली जात नाही, त्यामुळे तळाशी माशाने आमिषाला तोंड लावलेलं हाताला लगेच कळतं.

आता पैशाचं बोलू. समजा, 2,000 चं रील एक हंगाम टिकतं आणि 6,000 चं तीन हंगाम. सहा रीलांचा तीन हंगामांचा खर्च दोन्हीकडे 36,000 च! मग फरक कुठे? स्वस्त रील बंद पडतं ते घरी नाही, भर समुद्रात, पैसे भरलेल्या पाहुण्याच्या हातात. त्या दिवशी तो काय लिहून जाईल, ते पुढचं गिऱ्हाईक वाचतं.

भांडवल कमी आहे? मग सहा स्वस्त घेण्याऐवजी चार बरी घ्या आणि एका फेरीला चारच पाहुणे न्या. चारही एकाच मॉडेलची घ्या, म्हणजे एकाचं हँडल दुसऱ्याला बसतं. पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, "ड्रॅगचे वॉशर, हँडल, स्पूल सुटे मिळतात का?" तो गडबडला, तर दुसरं दुकान बघा.

आणि रोजचं काम: फेरी संपली की ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याने हलकं धुवायचं. जोराचा फवारा नको, बादलीत बुडवायचं नाही. मीठ आणि पाणी आत जातं. पुसून वाळवा आणि ड्रॅग सैल करून ठेवा. जून-जुलैत समुद्र बंद असतो, तेव्हा सगळी उघडून ग्रीस करून घ्या. हे काम ज्याला कंटाळवाणं वाटतं, त्याने हा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज एक काम करा. कागदावर तीन आकडे लिहा: एका फेरीला किती पाहुणे, हंगामात किती फेऱ्या, दर फेरीमागे रीलचा खर्च किती. हा कागद खिशात ठेवून मगच दुकानात जा.