एक वर्षाचा कोर्स फक्त आमच्यासाठी?

२०१४ साली महाराष्ट्र शासनाने कायदा बदलला. होमिओपॅथीच्या डॉक्टरने औषधशास्त्राचा एक वर्षाचा 'सीसीएमपी' कोर्स केला की त्याला अ‍ॅलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी. कारण काय सांगितले? खेड्यात डॉक्टर मिळत नाहीत!

आम्ही विचारतो, होमिओपॅथी गुणकारी असेल तर तिच्या डॉक्टरला अ‍ॅलोपॅथीची गोळी कशाला हवी? हानेमानच्या पद्धतीतले '३० सी' औषध शंभरपट पातळ करायचे, तेही तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्ये! त्या साखरेच्या गोळीत मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळे पुरावे तपासले. एकाही आजारावर होमिओपॅथी चालते असा भरवशाचा पुरावा तिला मिळाला नाही.

आमचा राग बीएचएमएस झालेल्या पोरांवर नाही. खाजगी एमबीबीएसची फी झेपत नाही म्हणून आमच्याच घरांतली कितीतरी पोरे तिकडे जातात. राग आहे तो 'काहीच नसण्यापेक्षा बरे' या मापावर. हे माप आमच्याच वस्तीला का? मंत्र्याच्या छातीत कळ आली तर तो एक वर्षाच्या कोर्सवाल्याकडे जातो काय?

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या कलम ४७ नुसार राज्याचे कर्तव्य आहे. तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेजांत जागा वाढवा, फी कमी करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतली रिकामी पदे आधी भरा.