शिवगडची वाट आणि वाटाड्याची मजुरी

गेल्या डिसेंबरात आम्ही चार कुटुंबे, लहानथोर मिळून पंधराजण, दाजीपूरच्या जंगलातून शिवगडावर जाऊन आलो. सहलीचा आनंद तर झालाच, पण तिथे मला माझीच एक चूक कळून आली. ती आपणापुढे मांडणे मी कर्तव्य समजतो.

कोल्हापूरहून दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर. वाटेत राधानगरी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर धरण बांधायला घेतले आणि नव्या गावाला आपल्या कन्येचे, राधाबाईंचे नाव दिले. पुढे घाटमाथ्यावरचे दाट जंगल सुरू होते. एकेकाळी ही संस्थानची राखीव शिकारीची जागा होती. १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले, १९८५ साली ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचे केले आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश केला. पूर्वी जिथे राजाच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नव्हते, तिथे आज तिकीट काढून कुणालाही जाता येते. ही गोष्ट लहान नाही.

दाजीपूरच्या गेटवर तिकिटे काढली. सोबत वाटाड्या घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले. जवळच्याच वाडीतला पंचविशीतला एक तरुण पुढे आला. मी पडलो कारकून. गाडीभाडे, जेवण, तिकिटे यांची बेरीज आधीच डोक्यात होती. मी म्हणालो, "पायवाट तर समोर दिसते आहे. पुढे नुसते चालायचे त्याचे एवढे पैसे? काही कमी करा." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "जमंल तेवढं द्या, सायेब." मला वाटले, आपण शंभर रुपये वाचवले. माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले, पण ती बोलली नाही.

जंगलात शिरताच ऊन नाहीसे झाले. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची गर्दी आणि पायाखाली पानांचा जाड थर. त्या तरुणाने मुलांना खाली बसवून तो थर हाताने उकरून दाखवला. वरची पाने कोरडी होती, पण खालची माती ओलीच होती. "पावसाचं पाणी हितं मुरतंय, मग वढ्याला येतंय," तो म्हणाला. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि इथे धो धो पाऊस कोसळतो. ते पाणी हे जंगल धरून ठेवते आणि भोगावती, दूधगंगेला हळूहळू सोडते. आमच्या नळाला येणारे पाणी कुठून येते, हे माझ्या नववीतल्या मुलीने पुस्तकात वाचले होते. हाताला ते तिथे लागले.

अर्ध्या वाटेवर तो एकदम थांबला आणि त्याने हात आडवा धरला. आम्हाला काहीच दिसत नव्हते. "गप उभं ऱ्हावा." थोड्या वेळाने झाडीत काळे अंग हलले. गवे होते, सोबत वासरू. आपण त्यांना बायसन म्हणतो, पण खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतो. गवा हे आपले रानगुरू. काळे धिप्पाड अंग, पायात जणू पांढरे मोजे, आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन आठशे-हजार किलोपर्यंत जाते. आमच्यातले एकजण मोबाइल काढून पुढे सरकले, तसे त्याने त्यांचा दंड धरून मागे ओढले. वीस मिनिटे आम्ही जागचे हललो नाही. गवे आपल्या वाटेने निघून गेले. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला एक गवा चुकून शिरला होता. बघ्यांच्या गर्दीने आणि पळापळीने तो बिचारा जिवाला मुकला. तिथे माणसे पुष्कळ होती, पण असा आडवा हात धरणाऱ्याचे ऐकणारे कोणी नव्हते.

गडावर पडक्या तटाचे अवशेष आहेत आणि समोर कोकण एकदम खाली उतरलेले दिसते. तिथे भाकरी खाताना मी त्याच्या शेतीची चौकशी केली. भात आणि नाचणी. गवे रात्री येऊन पीक खातात. "मग राग येत नाही?" माझ्या पत्नीने विचारले. "येतोय की, वैनी. पण गवा हाय म्हणून तुमी येताय, आन् तुमी येताय म्हणून चार पैसं मिळत्यात. पावसाळ्यात तेबी बंद."

मला घास गिळवेना. महागाई भत्त्याचा हप्ता लांबला तर आम्ही कचेरीच्या दारात सभा घेतो. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले, हे मी भाषणातून सांगत असतो. आणि वाटाड्याची मजुरी कापताना मला त्यातले काहीच आठवू नये? कागदावर शिकलेले ते ज्ञान आणि रानात शिकलेले ते नुसते चालणे, असा भेद माझ्याही मनात दडून होता.

परत आल्यावर मी ठरलेली पूर्ण रक्कम दिली आणि सर्वांदेखत माफी मागितली. तो संकोचला. "आसू द्या, सायेब," म्हणाला. मी म्हटले, "साहेब नको, दादा म्हणा."

तेव्हा जाणाऱ्यांना एवढीच विनंती. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते, म्हणून हिवाळ्यात जा. मुलांना अवश्य न्या. प्लास्टिक परत आणा. जंगलात वाटाड्याचा शब्द अखेरचा माना, त्याला अहो-जाहो करा, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. सहलीच्या खर्चात कुठे काटकसर करायचीच असेल, तर ती आपल्या जेवणात करावी.

जय भीम!